बॅटरीचा ग्रास कटर, बांधावरील झुडपें आणि जुन्या यंत्राची खरेदी

गेल्या श्रावणांत तळेघर येथील एका स्नेह्यांच्या शेतावर आठ दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. मंचरहून घोडेगांव व डिंभें यांवरून भीमाशंकरास जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. आंबेगांव तालुक्याच्या या पश्चिम टोंकास पाऊस एकदां लागला म्हणजे चार-चार दिवस उघडत नाहीं, आणि भातखाचरांच्या बांधांवर गवत इतक्या जोमानें वाढतें कीं पंधरवड्यापूर्वीं ज्या बांधावरून आपण निर्धास्त चाललों, त्याच बांधावर पाऊल टाकण्यापूर्वीं काठी आपटावी लागते. फुरसें, घोणस यांची भीति तर आहेच. पण उंदीर-घुशीहि याच गवताच्या आडोशानें बांध पोंखरतात, आणि बांध फुटला म्हणजे खाचरांतील पाण्याबरोबर घातलेलें खतहि ओढ्यास मिळतें.

हें गवत कापावयाचें कोणीं? लावणी आटोपतांच या डोंगरपट्ट्यांतील धडधाकट स्त्रीपुरुष नारायणगांव-मंचरकडील बागायती मळ्यांवर मजुरीस जातात. तेथें त्यांस रोख पैसा मिळतो, आणि त्यांनीं जावें हेंच योग्य. मागें घरीं म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं मुलें राहतात. आमच्या स्नेह्यांची स्थिति हीच होती. म्हणून त्यांनीं आम्हांस आधींच निरोप धाडला होता कीं, पुण्याहून येतांना बॅटरीवर चालणारा एखादा ग्रास कटर, स्वस्त मिळाल्यास जुनाच, घेऊन यावा. त्यानें बांधहि साफ होतील आणि वरच्या अंगास माजलेली घाणेरीहि तोडतां येईल. या दुसऱ्या अपेक्षेंतच सर्व घोटाळ्याचें मूळ होतें, हें तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं आणि, कबूल करावयास हरकत नाहीं, आमच्याहि आलें नाहीं.

यंत्र आम्हीं एका जुन्या मालाच्या विक्रेत्याकडून २,२०० रुपयांस घेतलें. दुकानांत बटन दाबतांच तें भुंग्यासारखें गुणगुणूं लागलें आणि आमचें समाधान झालें. तळेघरास पोंचल्यावर पहिल्या दिवशीं अंगणांतील व खळ्याभोंवतींचें कोंवळें गवत त्यानें हां हां म्हणतां उडविलें. दुसऱ्या दिवशीं बांधावरील कमरेइतक्या गवतांत सात मिनिटें चाललें आणि थांबलें. पुन्हां चार्ज केलें, पुन्हां सात मिनिटें. तिसऱ्या दिवशीं स्नेह्यांच्या पुतण्यानें बाजारांतून दांतेरी पोलादी चकती आणली आणि दोरीच्या डोक्याच्या जागीं दोन वायसर घालून ती बसविली. घाणेरीचीं दोन खोडें तुटलीं, सर्वांनीं वाहवा केली; तिसऱ्या खोडामागें बांधाचा दगड होता. खणकन् आवाज झाला, दांडा पुतण्याच्या हातांतून उजवीकडे फेंकला गेला, आणि चकतीचा एक दांता तुटून मागच्या गोठ्याच्या पत्र्यांतून आरपार गेला. त्या पत्र्याशीं दोनच मिनिटांपूर्वीं स्नेह्यांची सात वर्षांची नात वासरूं धरून उभी होती.

त्या दिवशीं यंत्र खुंटीस टांगलें आणि रात्रीं कंदिलाच्या उजेडांत (वीज गेली होती हें सांगावयास नकोच) आम्ही त्याचा नीट विचार करीत बसलों. त्यानंतर जाणत्या कारागिरांकडे चौकशी केली, दोन-तीन यंत्रें स्वतः खोलून पाहिलीं. त्यांतून जें हातीं आलें तें येथें देत आहों.

प्रथम यंत्राची जात ओळखावी. दोरीचा ट्रिमर आणि ब्रश कटर हीं दिसावयास सख्खीं भावंडें, पण त्यांचीं कामें निराळीं. दोरीचें यंत्र अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत, ह्यूस्टन शहरीं १९७१ सालीं जॉर्ज बॅलास या गृहस्थास सुचलें. मोटारगाडी धुणाऱ्या यंत्राचे फिरते कुंचले पाहून त्यानें पत्र्याच्या डब्यास मासे धरण्याची नायलॉन दोरी अडकविली व तो डबा गरगर फिरविला. झाडांच्या बुंध्याभोंवतीचें गवत साल न दुखवितां काढावें एवढाच त्याचा हेतु होता. दोरी स्वभावतः मऊ. ती कापते ती केवळ वेगामुळें. एक फूट व्यासाचा फेर धरून ती मिनिटास ६,००० वेळां फिरली, तर तिच्या टोंकाचा वेग सेकंदास सुमारें ९६ मीटर, म्हणजे तासाला ३३० किलोमीटरांहून अधिक होतो. त्या वेगानें रसाळ गवत तुटतें, पण खोडावर आपटतांच दोरी वांकते, झिजते अथवा तुटते. दगडावर आपटली तरी तिचेंच टोंक जातें, मोठा अनर्थ होत नाहीं. हा तिचा दोष नव्हे, तेंच तिचें अभय आहे.

ब्रश कटरचें पातें पोलादी असतें. तें वांकत नाहीं, म्हणून झुडूप तोडतें. आणि वांकत नाहीं म्हणूनच दगड लागतांच सगळा धक्का दांड्यावाटे माणसाच्या हातांत येतो. हा धक्का सोसण्याकरितां खऱ्या ब्रश कटरास सरळ दांड्यांतून गेलेला भरीव लोखंडी शाफ्ट, खालीं धातूचा गिअरबॉक्स, पात्यासाठीं निराळें मोठें गार्ड, सायकलच्या हँडलसारखीं दोन मुठींची पकड आणि खांद्यावरून घ्यावयाचा पट्टा असतो. पातें वरून पाहतां बहुधा घड्याळाच्या उलट फिरतें, म्हणून तें आवळणारें नट उलट आट्याचें असतें. स्वस्त बॅटरी-ट्रिमरांत पुष्कळदां मोटर दांड्याच्या तळाशीं दोरीच्या डोक्यावरच बसविलेली असते आणि तिचा आंस बोटाएवढाहि जाड नसतो. ज्या चकतीचें भोंक एक इंचाचें, ती अशा बारीक आंसावर वायसर घालून बसविली म्हणजे मध्यास बसत नाहीं. ती डगमगते, दांडा थरथरतो, आणि पुढें काय होतें तें गोठ्याच्या पत्र्यानें आम्हांस शिकविलें.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, ज्या यंत्राच्या पुस्तिकेंत पोलादी पात्याची परवानगी छापलेली नाहीं, त्यास तें कदापि लावूं नये. मोठ्या कारखानदारांचीं ३६ व ४० व्होल्टचीं कांहीं यंत्रें पात्यासाठीं बनविलेलीं असतात. त्यांची किंमतहि तशी असते. परवानगी असली तरी पात्यावर कोरलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून अधिक आहे ना, हें वाचून घ्यावें. दोरीच्या जागीं तार लावण्याची कल्पना कोणी सुचविल्यास त्याचे आभार मानून ती तेथेंच सोडावी. तारेचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो. साखळीचे तुकडे जोडलेलीं डोकीं तर त्याहून घातकी. इंग्लंडांत अशा डोक्याची कडी तुटून एका माणसाचा बळी गेल्यावर युरोपीय संघानें २०१२ सालीं हातांत धरावयाच्या यंत्रांसाठीं त्यांच्या विक्रीस बंदी घातली. आपल्याकडे अशीं डोकीं विकावयास आलेलीं दिसलीं तर तीं घेऊं नयेत.

पातें चालवितांना पुढच्या बाजूस बारा वाजतात असें धरलें, तर बारा ते तीन या भागानें खोडास स्पर्श करूं नये. धक्का बसतो तो तेथेंच. डाव्या अंगानें, उजवीकडून डावीकडे कापीत जावें. पन्नास फुटांच्या आंत कोणी माणूस वा जनावर नसावें. डोळ्यांवर चष्मा, पायांत गमबूट, अंगावर जाड विजार असावी. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर फिरत्या डोक्याजवळ नेऊं नये. कापण्यापूर्वीं बांधावरून काठी फिरवून दगड, तार, बाटल्या वेंचाव्या. टिटवीचीं अंडीं दिसलीं तर तेवढी जागा सोडावी. चार हात गवत राहिल्यानें कोणाचें शेत बुडत नाहीं.

आतां बॅटरीविषयीं. जुन्या यंत्राच्या खरेदींत माणूस नाडला जातो तो बहुतेक येथेंच. लोखंड पाहून कळतें, मोटर ऐकून कळते, पण बॅटरी आपलें वय कोणास सांगत नाहीं.

या बॅटऱ्यांत लिथियमचे सेल असतात. एका सेलचा नाममात्र दाब ३.६ व्होल्ट, पांच सेल ओळीनें जोडले कीं १८ व्होल्ट. तेच सेल पूर्ण भरले म्हणजे प्रत्येकीं ४.२, एकूण २१ व्होल्ट दाखवितात. म्हणून एक कारखानदार जी बॅटरी १८ ची म्हणून विकतो, तीच दुसरा २० किंवा २१ ची म्हणून विकतो. तिच्यांत एक कणहि शक्ति अधिक नसते. कित्येक हलक्या मालावर तर ४८ किंवा ८८ असे आंकडे पुढें कांहीं इंग्रजी अक्षरें जोडून छापतात. आंत सेल पांचच निघतात. तेव्हां छापील आंकड्यास न भुलतां व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. दाट गवतांत मोटर सुमारें ४०० वॅट ओढूं लागली, तर ही नवी बॅटरी दहा-अकरा मिनिटांत संपते. विरळ गवतांत दीडशें वॅट ओढले तर अर्धा तास पुरते. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९,००० वॅट-तास उष्णता असते. लहान इंजिनानें तिचा सहावा हिस्सा जरी कामास लावला, तरी तें काम अशा वीस बॅटऱ्यांएवढें भरतें. उलट पक्षीं, अशी बॅटरी दहा-बारा वेळां भरली तरी विजेचा एकच युनिट खर्च होतो. खर्चाच्या दृष्टीनें बॅटरी जिंकते, दमाच्या दृष्टीनें पेट्रोल. आमची सात मिनिटांची बॅटरी २ अँपिअर-तासांची होती, हें लेबलावर लिहिलेलेंच होतें. आम्हींच तें वाचलें नव्हतें.

जुनी बॅटरी पाहतांना प्रथम बनावटीची तारीख पाहावी. नुसती पडून राहिली तरीहि ती म्हातारी होते. फुगवटा, तडा, वितळलेलें प्लास्टिक, उग्र गोडसर वास यांपैकीं कांहींहि असल्यास हात लावूं नये. मग ती पूर्ण चार्ज करून मल्टीमीटर लावावा. १८ व्होल्टची बॅटरी २१ च्या आसपास दाखवील. शक्य तर रात्रभर तशीच ठेवून सकाळीं पुन्हां मोजावें. दाब एक-दोन व्होल्टांनीं उतरलेला दिसला तर आंतील एखादा सेल गळतो आहे. शेवटची आणि खरी परीक्षा गवतांत. दुकानांत मोकळें फिरणारें यंत्र कांहींच सिद्ध करीत नाहीं. दाट गवतांत लावून घड्याळ पाहावें. कारखान्याच्या पुस्तिकेंत दिलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी चाललें, तर बॅटरीची किंमत शून्य धरून सौदा करावा.

‘सेल बदलून नवी केली आहे’ असें विक्रेता सांगेल. १८ व्होल्टवर ४०० वॅट म्हणजे २२ अँपिअर प्रवाह झाला. एकेरी ओळीच्या बॅटरींत तो सर्व एका-एका सेलमधून जातो. जुन्या लॅपटॉपांतून काढलेले सेल इतक्या ओढीसाठीं बनविलेलेच नसतात, ते तापतात. त्यांत संरक्षणाची पट्टी, जिला कारागीर बीएमएस म्हणतात, ती वगळलेली असली तर तापण्याचा शेवट आगींत होऊं शकतो. अशी बॅटरी, किंबहुना कोणतीहि जुनी बॅटरी, पेंढ्याच्या गंजीजवळ, माळ्यावर किंवा सर्व निजल्यावर चार्ज करूं नये. पावसाळा संपल्यावर ठेवून द्यावयाची तर अर्धी भरून थंड जागीं ठेवावी. पार मेलेली बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें तिची विल्हेवाट कारखानदाराची जबाबदारी आहे, ती विक्रीकेंद्रावर परत द्यावी.

यंत्राची बाकीची तपासणी सोपी आहे. दांडा धरून डोकें हलवावें. ढिलाई असेल तर बेअरिंग गेलें. बटन सोडतांच तें परत आलें पाहिजे. सुरक्षेचा खटका चिकटपट्टीनें बांधून ठेवलेला आढळला तर पूर्वीचा मालक कसा होता तें समजावें. गार्ड नसेल तर यंत्र अर्धें आहे असें धरावें. मोटर कार्बन-ब्रशची असून ठिणग्या फार दिसल्या तर ब्रश झिजले आहेत. तो खर्च थोडा. चार्जर त्याच बनावटीचा असावा, आणि त्या बॅटरीचा नमुना अद्याप विकत मिळतो ना, हें यंत्र घेण्यापूर्वीं विचारावें, नंतर नव्हे. कारखान्यानें नमुना बंद केला असेल तर उत्तम यंत्रहि भंगार होतें.

पुण्यास जुन्या बाजारांत किंवा मोबाइलवरील जाहिराती पाहून खरेदी करणाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. मूळ पावती किंवा निदान विक्रेत्याच्या ओळखपत्राची नक्कल व सहीची चिठ्ठी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वयें चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा गुन्हा आहे, आणि बाजारभावाच्या चौथाईंत मिळणारें कोरें करकरीत यंत्र पाहून ‘आम्हांस शंका आली नाहीं’ हें सांगणें अवघड जातें.

तर मग तळेघरासारख्या गांवीं या यंत्राचा उपयोग काय? अंगण, खळें, पाऊलवाटा, आंब्याच्या कलमांभोंवतीचें आळें, तारेच्या कुंपणाखालची पट्टी, आणि पंधरा-वीस दिवसांनीं एकदां फिरविल्यास बांधहि. गवत घोट्याएवढें असतांनाच फिरविलें तर लहान बॅटरीहि पुरते. कमरेएवढें होऊं दिलें तर मोठीहि पुरत नाहीं. संततधारेंत मात्र हें यंत्र बाहेर काढूं नये. आषाढांत ही अडचण मोठीच आहे. दोरी उन्हाळ्यांत सुकून कडक होते व कडाकडा तुटते. वापरण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजत घातल्यास नायलॉन पाणी पिऊन पुन्हां चिवट होतें. जाड दोरी घातली म्हणजे काम अधिक होईल ही समजूत चुकीची; मोटरीस पेलते तेवढ्याच जाडीची घालावी. हिरड्याच्या अगर आंब्याच्या रोपाजवळ वीतभर अंतर सोडून तेवढें गवत हातानें उपटावें. दोरीनें सालीचें कडें सभोंवार सोललें गेलें कीं रोप त्या हंगामांत नाहीं तर पुढच्या हंगामांत मरतें, आणि हिरड्याचें झाड म्हणजे या भागांतील घराची कैक वर्षांची मिळकत.

कारवी, करवंदीच्या जाळ्या, रानमोडी, घाणेरी हें दोरीचें काम नव्हे. घाणेरीचें तर ब्रश कटरचेंहि पुरतें नव्हे. वरून छाटली म्हणजे ती दुप्पट फुटते. जमिनीखालीं दोन-तीन बोटांवर मूळ कुदळीनें तोडून झुडूप मुळें वर करून उलटें टाकावें, तेव्हां ती हटते. झुडपेंच फार असतील त्यानें चौघां खातेदारांत मिळून पेट्रोलचा खरा ब्रश कटर घ्यावा. तो जुना घ्यावयाचा तर इंजिन थंड असतांना दोरी ओढून पाहावी. नव्या यंत्रास महाडीबीटीवर यांत्रिकीकरण योजनेखालीं अर्ज करतां येतो. जुन्यास अनुदान नाहीं, हेंहि हिशेबांत धरावें. आणि शेताची हद्द अभयारण्यास किंवा वनजमिनीस लागून असेल तर आपली हद्द संपते तेथें यंत्रहि थांबलें पाहिजे.

या डोंगरउतारावर एक गोष्ट मात्र दोरीच्या बाजूची आहे. कुदळीनें बांध तासला म्हणजे गवत मुळासकट जातें व माती मोकळी होते. दोरीनें कापल्यास मुळें जागच्या जागीं राहून माती धरून ठेवतात. याच तालुक्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं डोंगर कोसळून गाडलें गेलें व दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, हें येथें कोणास सांगावें लागत नाहीं. गवताच्या मुळांनीं तसा डोंगर थांबत नाहीं, हें खरें. पण चार हातांचा बांध खासा थांबतो.

एका प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. बांधावर आम्ही यंत्र चालवीत असतां शेजारची एक म्हातारी विळा घेऊन आली. तिच्या दोन म्हशी. दरसाल या बांधावरचें गवत तीच कापून नेत असे, आणि बांध फुकट साफ होत असे. तिनें खालीं वांकून मूठभर चोथा उचलला आणि म्हणाली, “दादा, ह्ये गवात कापलं का भुस्सा केला? ह्याची पेंढी कशी बांधायची?” दोरी गवताचा चुरा करते, तो जनावरांपुढें टाकतां येत नाहीं कीं गंजीस लावतां येत नाहीं, हें तोंवर आमच्या मनांतहि आलें नव्हतें. स्नेह्यांनीं तिला खालच्या सहा खाचरांचे बांध तिच्यासाठीं राखून ठेवण्याचें कबूल केलें.

यंत्र अद्याप तळेघरासच आहे. गोठ्याचा पत्रा बदलला, चकती भंगारांत दिली, डोक्यावर पुन्हां दोरी बसविली, आणि ४ अँपिअर-तासांची नवी बॅटरी घेतली. ती यंत्राहून महाग पडली. अंगण, खळें आणि वरचे तीन बांध त्यावर होतात. घाणेरी पुतण्यानें मार्गशीर्षांत कुदळीनें काढली, तिला नऊ दिवस लागले.